२६ नोव्हेंबरला आधी सगळी नावे वाचा

प्रति,
मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील सार्वजनिक मंडळांचे पदाधिकारी, गृहनिर्माण संस्थांच्या समित्या, शाळा-महाविद्यालयांचे कार्यक्रमप्रमुख यांस

विषय : २६/११ च्या श्रद्धांजली कार्यक्रमाची आखणी

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की तुमच्या बैठकीत हा विषय निघतो. बॅनर छापायला जातो, मेणबत्त्यांचे खोके येते, पाहुणे ठरतात आणि कार्यक्रम पार पडतो. त्यामागची भावना खरी असते, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण कार्यक्रम संपवून घरी निघालेल्या माणसाला विचारा, आज कुणाकुणाची आठवण काढली? पोलीस दलातले करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, कमांडो मेजर उन्नीकृष्णन, एवढी नावे येतील. ती यायलाच हवीत. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यांतले पन्नासहून अधिक जण तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेले, आणि त्यांत लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघत सामानावर बसलेली कुटुंबे होती. त्यांची नावे आपल्या व्यासपीठांवरून कधीच ऐकू येत नाहीत.

म्हणून या पत्रातून आम्ही एकच मागणी करतो. यंदा कार्यक्रमाच्या मध्यभागी भाषण नको, १६६ नावांचे वाचन ठेवा. बाकी सगळे त्याच्या आधी-नंतर, जेवढे बसेल तेवढेच. हे कसे करायचे, कुठे घोटाळा होतो आणि काय टाळायचे, ते पुढे तपशिलाने लिहीत आहोत.

सुरुवात यादीपासून करा, आणि ती ऑक्टोबरातच हाती घ्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलेल्या याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. कुठे आडनाव आधी तर कुठे नंतर, त्यामुळे एकच माणूस दोनदा येण्याची भीती. कुठे इंग्रजीवरून मराठीत उतरवताना नाव बदललेले. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी किंवा चित्र तर अजिबात धरू नका. किमान दोन छापील याद्या समोर ठेवून, दोघांनी मोठ्याने वाचत ताळा करायचा. जिथे अडेल तिथे खूण करा आणि तेवढ्यापुरती चौकशी करा. परदेशी नागरिकांची नावे त्या त्या भाषा येणाऱ्याकडून एकदा ऐकून घ्या आणि उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. नरिमन हाउस या ज्यू केंद्रात मारले गेलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्हका यांच्या नावांवर ऐनवेळी वाचक अडखळला, की ऐकणाऱ्यांचे लक्ष नावावरून उडून त्या अडखळण्याकडे जाते.

क्रम अकारविल्हे, आणि तोही पहिल्या नावाप्रमाणे. यावर मंडळांत वाद होतो. काहींना पोलीस आणि कमांडो आधी हवे असतात, काहींना ठिकाणाप्रमाणे गट. आमचे मत स्पष्ट आहे. अकारविल्हे क्रमात अधिकाऱ्याच्या शेजारी हॉटेलातला आचारी येतो, त्याच्या शेजारी बिहारला निघालेला प्रवासी, त्याच्या शेजारी टॅक्सीवाला. कुणी आधी कुणी मागे असा प्रश्नच उरत नाही. हुद्दे, पदव्या, ‘शहीद’, ‘कै.’ यांतले काहीही नावापुढे लावू नका. एकाला लावले की दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न त्याच्या घरच्यांच्या मनात राहतो. वयेही वाचू नका. ती याद्यांमध्ये वेगवेगळी आहेत, आणि वेळही वाढतो.

वेळेचे गणित सोपे आहे. नाव आणि त्यानंतरचा एक श्वास मिळून पाच सेकंद धरा. १६६ नावांना ८३० सेकंद, म्हणजे जवळपास १४ मिनिटे. एका आवाजात १४ मिनिटे ऐकणे जड जाते आणि साठाव्या-सत्तराव्या नावाला वाचकाची गतीही नकळत वाढते. म्हणून चार वाचक घ्या : दोघांना ४२, दोघांना ४१. दोन बाया, दोन पुरुष असले तर आवाजातला बदल कानाला बरा वाटतो. कागद जाड घ्या, अक्षर मोठे, ओळींमध्ये भरपूर जागा, एका पानावर २१ नावे. आठ पानांत यादी बसते. पानांना टाचणी मारू नका. टाचलेले पान उलटताना होणारा आवाज माइकमधून फटाक्यासारखा येतो. सुटी पाने वाचून झाली की खाली सरकवायची. कागदावर छोटा दिवा हवाच, कारण २६ नोव्हेंबरला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला अंधार असतो. मोबाइलच्या उजेडात वाचायला गेले की मध्येच फोन येतो.

तालीम एकदा तरी करा, आणि ती माइकवर करा. वाचकांना एवढेच सांगायचे : आवाज चढवू नका, रडवेला करू नका, प्रत्येक नाव सारख्याच वजनाने. ओळखीचे नाव आले की आवाज आपोआप उंचावतो, तो आवरायचा. मागे बासरी किंवा सतार वाजवण्याचा मोह होतो. नको. नाव आणि शांतता, एवढेच पुरेसे आहे.

वाचन झाले की मौन. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. सूत्रसंचालक ‘दोन मिनिटे मौन पाळूया’ म्हणतो आणि चाळिसाव्या सेकंदाला ‘धन्यवाद’ म्हणतो, कारण माइकसमोर उभ्या माणसाला शांतता फार लांब वाटते. एकाच्या हातात घड्याळ द्या आणि सुरुवात-शेवट त्याच्याकडेच सोपवा. मौन कशाने सुरू होणार आणि कशाने संपणार, हे आधी सांगा : घंटेचा एक टोल, १२० सेकंद, पुन्हा एक टोल. शिट्टी नको, सायरन तर मुळीच नको. त्या रात्री ज्यांनी सायरन ऐकले त्यांच्यापैकी कुणी तुमच्या समोर उभे असू शकते. वयस्कर माणसांनी बसून मौन पाळले तरी चालते, हेही सांगून टाका, नाहीतर ती बिचारी गुडघे धरून उभी राहतात. छायाचित्रकाराला मौनाच्या आधी काय हवे ते टिपू द्या, मौनात त्याने थांबायचे.

मेणबत्त्यांबद्दल थोडे सविस्तर, कारण आजवर कुणी भाजले असेल तर याच ठिकाणी. शंभर माणसे अपेक्षित असतील तर १२० मेणबत्त्या आणा, बोटाएवढ्या जाड आणि वीतभर लांब. फार बारीक मेणबत्ती भराभर ओघळते आणि हातात वाकते. धरण्यासाठी प्लॅस्टिकचा पेला घेऊ नका, तो वितळून हाताला चिकटतो. कागदी पेल्याच्या बुडाला फुलीच्या आकाराचा छेद द्या आणि मेणबत्ती खालून वर सारा. पेल्याचे तोंड वर राहते, म्हणून ओघळणारे मेण पेल्यात साठते. ज्योत पेल्याच्या काठापासून दोन बोटे वर असेपर्यंतच मेणबत्ती हातात ठेवायची, नंतर विझवायची. कागदही पेट घेतो, हे लोकांना आधीच सांगा.

पेटवण्याची पद्धतही सांगावी लागते. पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची, न पेटलेली तिच्याकडे तिरकी न्यायची. उलटे केले की पेटलेल्या मेणबत्तीतले वितळलेले मेण समोरच्याच्या मनगटावर सांडते. ओढणी, पदर आणि मोकळे केस पुढे येऊ देऊ नका. दाटीवाटीच्या रांगेत मागच्याची ज्योत पुढच्याच्या वेणीला लागते, म्हणून दोन रांगांत हातभर अंतर ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती बॅटरीवरचे दिवे द्या. दर २५ माणसांमागे एक कार्यकर्ता, दोन बादल्या वाळू, एक बादली पाणी. मेणबत्त्या शेवटी ठेवायच्या असतील तर वाळू भरलेल्या पत्र्याच्या ताटात रोवा. त्या थेट फरशीवर चिकटवू नका, आणि बॅनरखाली तर नाहीच. समुद्राकाठी कार्यक्रम असेल आणि वारा असेल तर मेणबत्त्यांचा हट्ट सोडा. अर्ध्या लोकांचे लक्ष विझलेली ज्योत पुन्हा पेटवण्यात जाते आणि नावे कुणी ऐकत नाही.

सांडलेल्या मेणावर दुसऱ्या दिवशी पाय घसरतो. ते गार होऊन घट्ट झाले की बोथट पत्र्याने खरवडून काढा. गरम पाणी ओतू नका. मेण वितळते, पण गटारात जाऊन पुन्हा गोठते.

आता वेळ आणि परवानगी. हल्ला त्या रात्री साडेनऊनंतर सुरू झाला, म्हणून काही मंडळे नेमकी तीच वेळ धरतात. भावना समजते, पण ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. साडेनऊला सुरू केले तर नावे घाईत उरकली जातात. साडेसहा ते साडेसात ही वेळ चांगली. ज्यांना रात्रीचीच वेळ पाळायची आहे त्यांनी ध्वनिक्षेपकाविना, आवारात, पन्नासेक माणसांत करावे. ध्वनिक्षेपकासाठी आणि रस्त्यावर जमण्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, निदान पंधरा दिवस आधी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. हल्ल्याची कितीतरी ठिकाणे अशीच आहेत. कामा रुग्णालयाच्या आसपास जमायचे असेल तर भोंगा विसराच.

२६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. १९४९ साली याच दिवशी संविधान स्वीकारले गेले. शाळा दोन्ही कार्यक्रम एकाच तासात कोंबतात आणि उद्देशिकेच्या वाचनानंतर लगेच मौन येते. मुलांना काहीच नीट कळत नाही. उद्देशिका सकाळच्या प्रार्थनेला, श्रद्धांजली शेवटच्या तासाला.

शाळांना आणखी एक विनंती, आणि ती कळकळीची आहे. नाटुकली बसवू नका. काळे कपडे, लाकडी बंदुका, तोंडाने ठो-ठो आवाज, एक मुलगा दहशतवादी आणि चार मुले मेलेली. टाळ्या पडतात त्या गोळीबाराला. जो मुलगा दहशतवादी होतो त्याला वर्षभर त्याच नावाने हाक मारली जाते, आणि ते पात्र कुणाला द्यायचे हे ठरतानाही वर्गात नको तो भेद शिरतो. नाटकाऐवजी मोठ्या वर्गातल्या मुलांना त्या रात्री काम करणाऱ्यांपैकी एकेकाबद्दल एक पान लिहून वाचू द्या. विष्णू झेंडे हे छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे उद्घोषक आपल्या खोलीतून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना सुरक्षित जागी हलवले. ताज हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाट काढून दिली. यांतल्या कुणाच्याही हातात बंदूक नव्हती, आणि मुलांना हे कळायला हवे.

जुनी टीव्हीवरची दृश्ये पडद्यावर दाखवण्याचा प्रकारही थांबवा. जळता घुमट, गोळ्यांचे आवाज, रक्ताने माखलेली फरशी. ज्यांनी हे भोगले त्यांना ते पुन्हा दाखवायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना त्यातून माणसे भेटत नाहीत. हातात बंदूक घेतलेल्या हल्लेखोराचा फोटो तर कुठल्याही बॅनरवर, फलकावर, रांगोळीत नको. दरवर्षी त्याचा चेहरा झळकतो आणि १६६ चेहऱ्यांना जागा उरत नाही.

निवेदन लिहिणाऱ्यांनी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. तुकाराम ओंबळे हे शिपाई नव्हते, सहायक फौजदार होते. त्यांनी गिरगाव चौपाटीवर, हातात फक्त लाठी असताना, हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. करकरे, कामटे आणि साळसकर हे स्थानकात किंवा रुग्णालयाच्या आत नाही, तर कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत, गाडीत असताना मारले गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये, हवालदार गजेंद्र सिंग नरिमन हाउसमध्ये. हल्ला ‘त्या रात्री’ संपला नाही, ताजमधली कारवाई २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपली. स्थानकाचे नाव २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, तेव्हा ते छत्रपती शिवाजी टर्मिनस होते. दोन ठिकाणे हमखास राहून जातात : वाडीबंदर आणि विलेपार्ले. दोन्हीकडे टॅक्सीत ठेवलेले बॉम्ब फुटले, आणि चालक व प्रवासी गेले. विलेपार्ल्याच्या मंडळांनी तरी आपल्या भागातल्या या माणसांचा उल्लेख करावा.

झेंड्याबद्दल. काही संस्था त्या दिवशी आवारातला राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणतात. तसे करू नका. सरकारने आदेश दिला असेल तेव्हाच ध्वज अर्ध्यावर उतरवायचा असतो, आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाबाबतच्या १९७१ च्या कायद्याने आपल्या मनाने तसे करणे हा अवमान ठरतो. भाषणाच्या मेजावर, व्यासपीठाच्या कडेला ध्वज गुंडाळणेही नियमात बसत नाही.

बॅनरवर मजकूर एवढाच पुरे : ‘२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात प्राण गमावलेल्या १६६ जणांना श्रद्धांजली’. खाली स्थळ आणि वेळ. नगरसेवक, इच्छुक उमेदवार, सौजन्य, शुभेच्छुक, यांपैकी कुणाचाही फोटो नको. वर्गणी देणारा फोटोचा आग्रह धरत असेल तर ती वर्गणी घेऊ नका. या कार्यक्रमाला मेणबत्त्या, कागद आणि एक माइक लागतो, त्यासाठी कुणाच्या उपकाराची गरज नाही. २७ तारखेच्या सकाळी बॅनर उतरवा. चार महिने उन्हात फाटत लोंबकळणारे श्रद्धांजलीचे बॅनर पाहून जीव तुटतो.

हल्ल्यात माणूस गमावलेल्या किंवा जखमी झालेल्या कुणाला बोलावणार असाल तर महिनाभर आधी विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तर एकदाच ऐकून सोडून द्या. आले तर व्यासपीठावर बसवू नका, शाल-श्रीफळ नको, सत्कार नको. हा सत्काराचा दिवस नव्हे. पहिल्या रांगेच्या टोकाला, बाहेर पडायच्या वाटेजवळ खुर्ची द्या, म्हणजे वाटेल तेव्हा उठता येईल. बोलायला आग्रह करू नका. बोलणार असतील तर नंतर प्रश्नोत्तरे ठेवू नका. घरून आणायची आणि परत सोडायची सोय तुमची. त्यांच्या माणसाचे नाव यादीत कसे लिहिले आहे ते त्यांना आधी दाखवा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती निमूट करा.

रक्तदान शिबिराचा मुद्दा थोडा अडचणीचा आहे, पण बोललेच पाहिजे. त्या रात्री जे.जे. रुग्णालयात लोक रक्त द्यायला गेले, म्हणून या दिवशी शिबिर घेण्याची प्रथा पडली. प्रथा चांगली आहे, तारीख गैरसोयीची. एकाच दिवशी शहरभर शिबिरे झाली की रक्तपेढ्यांत साठा एकदम येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. आणि त्या दिवशी ज्या पुरुषाने रक्त दिले त्याला पुढचे ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. खरी टंचाई भासते ती एप्रिल-मेमध्ये, महाविद्यालये बंद असताना आणि निम्मी मुंबई गावी गेलेली असताना. म्हणून रक्तपेढीला फोन करून त्यांना कधी हवे ते विचारा, आणि २६/११ च्या नावाने शिबिर त्या दिवशी घ्या. नोव्हेंबरच्या कार्यक्रमात फक्त नावनोंदणी करा : नाव, फोन, रक्तगट, शेवटचे रक्तदान कधी. अटी तिथेच लिहून लावा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. उपाशीपोटी यायचे नाही आणि रात्रपाळी करून थेट यायचे नाही. चक्कर येण्याची निम्मी कारणे तिथेच असतात.

घोषणा देण्याबद्दल दोन शब्द. वाचन आणि मौन झाल्यावर कुणीतरी मागून ‘मुर्दाबाद’ सुरू करतो आणि पाच मिनिटांत सभेचा नूर पालटतो. मौनानंतर माइक लगेच बंद करा आणि राष्ट्रगीताने सांगता करा. ५२ सेकंद, सगळ्यांनी मिळून, ध्वनिमुद्रित नको. त्यानंतर लोकांना आपापसांत बोलत उभे राहू द्या, निरोपाचे भाषण ठेवू नका.

ही पद्धत एकदा बसली की १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी आणि ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांसाठीही वापरता येईल. पश्चिम रेल्वेच्या ज्या स्थानकांजवळ ते स्फोट झाले, तिथल्या मंडळांना हे विशेष सांगणे आहे. त्या दोन्ही तारखा बहुतेक ठिकाणी कोऱ्याच जातात.

पुढच्या बैठकीत तीनच गोष्टी ठरवा : यादीचा ताळा करणारे दोघे, चार वाचक आणि घड्याळ धरणारा एक. पाहुण्यांची नावे त्यानंतर घ्या, आणि जे येतील त्यांना आधीच सांगा की भाषण तीन मिनिटांचे, नावांच्या वाचनाआधी. ज्यांना हे मान्य नसेल त्यांच्यावाचून कार्यक्रम करा.

आपले,
श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांची आखणी करणारे मुंबईतील काही कार्यकर्ते